दुतोंडी वायर

चौतीस वर्षं मीटरकाका दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचत आले. खांद्याला वीज कंपनीची पिशवी, हातात टॉर्च आणि खिशात दोन पेनं, कारण एक ऐनवेळी दगा देतं. कुत्र्याची घरं, दार उघडायला उशीर लावणारी घरं, मीटरवर फडकी वाळत घालणारी घरं, सगळी त्यांना तोंडपाठ. माणसांची नावं ते विसरत, मीटरचे नंबर नाही. रस्त्यात कुणी हाक मारली की क्षणभर गोंधळून बघत, मग एकदम चेहरा उजळून म्हणत, "हां हां! शेवटचे तीन आकडे सातशे बारा! काय, बरं आहे ना?"

या चौतीस वर्षांत त्यांनी वायरीला कधी हात लावला नव्हता. ते काम लाइनमनचं. काकांच्या लेखी वीज म्हणजे आकडा. तो रोज थोडा पुढे सरकतो, महिनाअखेर वाचायचा, वहीत उतरवायचा. वीज माणसाला मारते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोंगरातल्या माणसाला समुद्र खारट असतो हे जसं ठाऊक असतं, तितपतच.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी मुलीचं लग्न झालं. जावई लाइनमन निघाला, याचा काकांना कोण आनंद. "मी वाचायचो, जावईबापू जोडतात. विजेचं सगळं खातं आता आपल्या घरात," असं ते येईल त्याला सांगत.

"बिल भरणारीही घरातच आहे," काकू स्वयंपाकघरातून म्हणत.

निवृत्तीच्या पैशातून काकांनी छपरावर सोलरची आठ पॅनेलं बसवून घेतली. त्यानंतर वर्षभरात कंपनीने घरोघरी नवे मीटर लावले आणि विजेचे दर घड्याळावर टाकले. दुपारी वीज स्वस्त, सकाळी आणि रात्री मध्यम, आणि संध्याकाळी सहा ते दहा दुप्पट. बाकी गल्ली कुरकुरली. काकांचा चेहरा मात्र शाळेचं नवं वेळापत्रक हातात पडलेल्या मुलासारखा झाला. त्यांनी तिन्ही दर सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवले आणि घर त्या कागदाप्रमाणे चालू लागलं. कपडे बारा वाजता मशीनमध्ये. इस्त्री एकला. मिक्सर दोनच्या आत. आंघोळीचं पाणी दुपारी तापवायचं, कारण तेव्हा छपरावर फुकटची वीज उतू जात असते.

"भरदुपारी कोण आंघोळ करतं हो?" काकूंनी विचारलं.

"जो शहाणा असतो तो."

"या घरात मला भूकसुद्धा दर बघून लागायला लागली आहे," काकू मुलीला फोनवर म्हणाल्या. पण बिल खरोखर उतरलं, आणि काकूंनी मनातल्या मनात का होईना, नवऱ्याला मानलं.

अडचण एकच होती: संध्याकाळचे चार तास. ऊन गेलेलं, दर दुप्पट, आणि घरात सगळ्यात जास्त दिवे नेमके तेव्हाच. त्याला उपाय म्हणजे बॅटरी. दुपारी भरायची, संध्याकाळी वापरायची. सोलर बसवणाऱ्याने बॅटरीचा भाव सांगितला, आणि वर एक पेटी सांगितली. घर बॅटरीवर गेलं की बाहेरच्या तारेशी असलेला संबंध ती पेटी आपोआप तोडते. ती घेतल्याशिवाय मी काम करणार नाही, असं तो म्हणाला. पेटीची किंमत ऐकून काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"ही पेटी करते काय?"

"मेन स्विच पाडते, काका."

"मग मी काय करतो? मला हात नाहीत?"

तो माणूस हसला आणि गेला. काकांनी बाजारातल्या बॅटरीवाल्याकडून, बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओचा जुना इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या अर्ध्या भावात आणल्या. त्यावर एखाद-दुसरा पंखा चालेल, असं बॅटरीवाला म्हणाला होता. काकांना पूर्ण घर हवं होतं. त्यांना एका पिठाच्या गिरणीत पूर्वी पाहिलेली एक वायर आठवली. तिच्या दोन्ही टोकांना प्लग होता. एक टोक इन्व्हर्टरमध्ये घालायचं, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एरवी सॉकेटमधून वीज बाहेर येते. या वायरीने ती सॉकेटमधून आत शिरते आणि घरभर पसरते. त्या वेळी काकांनी गिरणीवाल्याला खडसावलं होतं. आता त्यांनी तीन मीटर जाड वायर आणि दोन प्लग आणले, आणि जेवणाच्या टेबलावर बसून एका दुपारी तसलीच वायर तयार केली.

काकूंनी ती हातात धरून दोन्हीकडून पाहिली. "हिला शेपटीच नाही. दोन्हीकडे तोंडच."

तेव्हापासून घरात तिचं नाव दुतोंडी पडलं.

काकांनी तिचे नियम लिहून मेन स्विचशेजारी लावले. ठीक सहाला मेन खाली. मग दुतोंडी सॉकेटमध्ये. मग इन्व्हर्टर चालू. दहाला सगळं उलट्या क्रमाने. मेन खाली असला की घर बाहेरच्या तारेपासून तुटतं, मग आत काय वाटेल ते करा. हा क्रम चुकायचा नाही, एवढंच. आणि काका चुकणाऱ्यांतले नव्हते. चौतीस वर्षांत त्यांना एकदाही उशिराचा शेरा मिळाला नव्हता. मेन पाडायचं काम त्यांनी काकूंना दिलं, वायरीचं स्वतःकडे ठेवलं. घड्याळात सहाचा काटा लागला की काकू हातातलं टाकून जात आणि मेन पाडत. जाताना नेहमी म्हणत, "पाडला हो!" मग काका वायर लावत.

जावई येणार असला की दुतोंडी पिठाच्या रिकाम्या डब्यात जायची.

"चोरीचा माल आहे का, लपवताय तो?" काकूंनी एकदा विचारलं.

"उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?"

लपवावी लागते यातच सगळं आलं, असं काकूंच्या मनात येऊन गेलं. पण त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं.

जावई मोठा गप्पिष्ट. खांबावरच्या गोष्टी रंगवून सांगायचा, माकडाची, पतंगाची, तारेवर शर्ट वाळत घातलेल्या माणसाची. एका रविवारी मात्र तो आला तो गप्पच. शेजारच्या विभागातला एक लाइनमन गेला होता. लाइन बंद केलेली, फ्यूज काढून खिशात घातलेला, तरी तारेला हात लावला आणि खांबावरच लटकला.

"बंद लाइनमध्ये करंट कुठून आला?" काकूंनी विचारलं.

"कुणाच्या तरी घरातून, आई. घरात जनरेटर लावला होता कुणीतरी. मेन पाडला नव्हता. घरातली वीज उलटी तारेत." त्याने कप हातात फिरवला. "त्या माणसाला अजून माहीतसुद्धा नाही की आपण कुणाला मारलंय. घरात बसून टीव्ही बघत असेल."

रात्री अंथरुणावर पडल्यावर काका काकूंना म्हणाले, "त्याने मेन पाडला नव्हता. आपण पाडतो."

"हो," काकू म्हणाल्या. मग पांघरूण ओढत, "पण रोज?"

"रोज," काका म्हणाले, आणि कुशीवर वळले.

काकांचं बिल बघायला लोक येऊ लागले ते त्या सुमारास. सहा वाजता काका पाहुण्यांना फाटकाजवळच्या मीटरपाशी नेत. मीटरवरची लाल टिकली लुकलुकत असायची. आतून काकूंचा आवाज यायचा, "पाडला हो!" आणि टिकली थांबायची. काका लगबगीने आत जाऊन वायर लावत, आणि पाहुण्यांनी मागे वळून बघावं तर घरात दिवे लख्ख. शिलाईवाल्या बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या. कंपाउंडर म्हणाला, "काका, ही जादू आम्हालाही शिकवा." काका कुणाला नाही म्हणणारे नव्हते. वायर आणि प्लग तुम्ही आणा, जोडून मी देतो, पैसे नकोत. सोबत नियमांचा कागद, त्याच सुवाच्य अक्षरात. वर्षभरात अशा अकरा वायरी काकांच्या टेबलावरून बाहेर गेल्या. निवृत्त माणसाला कुणी विचारत नाही म्हणतात. काकांकडे संध्याकाळी चहाचे कप कमी पडत.

काकांच्या घरासमोर एक बंद घर होतं. ते कुटुंब दुसऱ्या गावी मुलाकडे गेलेलं, आठ महिने झाले. जाताना घाईत व्हरांड्यातला दिवा चालू राहिला होता, तो दिवसरात्र जळायचा. काकांना ते बघवायचं नाही. फाटकाशी आले की त्यांची नजर आधी तिकडे जायची आणि तोंडातून ठरलेलं वाक्य निघायचं, "जळतोय मेला फुकटचा!" घरमालकाला दोन पत्रं पाठवून झाली होती.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी दुपारपासून वारा भलताच सुटला होता. पत्रे वाजत होते, धुळीने आकाश पिवळट झालं होतं, मग वेळीअवेळी पडतो तसा एक जोराचा पाऊस आला. सव्वापाचला गल्लीच्या मध्यावर काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला आणि वीज गेली. झाडाची फांदी तारांवर पडली होती. तार तिथेच तुटली. तुटलेल्या भागाच्या पुढे, गल्लीच्या टोकाला, दोनच घरं राहिली: काकांचं आणि समोरचं बंद.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "आई, तुमच्याकडचीच तार तुटली आहे ना? हे तिकडेच निघालेत. काम झालं की चहाला येतील, भिजलेले असतील, बाबांचा एखादा शर्ट काढून ठेव."

घरात अंधारून आलं होतं. सोलरच्या पॅनेलांसोबत आलेली पेटी बाहेरची वीज गेली की आपण होऊन बंद पडते. ती कंपनीची शहाणी पेटी होती. पण बॅटऱ्या दुपारीच काठोकाठ भरल्या होत्या. काकांनी डब्यातून दुतोंडी काढली.

"अजून सहा वाजले नाहीत," काकू म्हणाल्या.

"जावई भिजून येणार, अंधारात बसवायचं का त्यांना? वायर मी झाकून टाकतो."

"मग मेन पाडते."

"राहू दे गं. बाहेरून येतच नाही काही, तर बंद काय करायचं? नळाला पाणी नसताना चावी बंद करण्यासारखं आहे ते." काकांनी वायर लावली, इन्व्हर्टरचं बटण दाबलं. घर उजळलं. पंखा फिरू लागला. काकूंनी चहाचं आधण ठेवलं, खुंटीवरून काकांचा निळा शर्ट काढून खुर्चीवर टाकला.

दुतोंडी घरात आल्यापासून काकांनी ती सहाच्या आत कधी लावली नव्हती. नियम होते ते घड्याळाचे होते. वीज गेल्यावर काय करायचं, याबद्दल कागदावर एक ओळही नव्हती.

सहाला पाच मिनिटं असताना काका छत्री घेऊन बाहेर पडले. सहाचा आकडा वाचायचा ही सवय, पाऊस असो की काही असो. गल्ली पार काळवंडली होती. गल्लीच्या मध्यावर एक शिडी उभी दिसत होती, आणि खांबावर पिवळा रेनकोट. खाली कुणीतरी टॉर्च धरून उभं होतं. काकांना जावयाची पाठ ओळखू आली. तो डावा खांदा किंचित पाडून काम करतो. काकांना हाक मारावीशी वाटली, पण वाऱ्यात ऐकू जाणार नव्हतं.

मीटरवर काच होती, तिच्यावर थेंब. त्यांनी रुमालाने पुसली. मीटरची पाटी उजळलेली होती आणि तिच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता, घराकडून बाहेर जाणारा. दुपारी सोलरची वीज बाहेर जाते तेव्हा तो बाण उमटतो, तेव्हा काकांना तो फार आवडायचा. आताही क्षणभर त्यांना बरंच वाटलं. संध्याकाळची वेळ, दुप्पट दर, आणि वीज चाललीय बाहेर.

सवयीने त्यांची मान समोर वळली. व्हरांड्यातला दिवा जळत होता.

"जळतोय मेला फुक..."

वाक्य तोंडातच राहिलं. गल्लीत वीज नव्हती. शिलाईवाल्या बाईंची खिडकी काळी होती, रस्त्यावरचे दिवे काळे होते. बंद घराला वीज द्यायला बाहेर कुणीच नव्हतं. आणि दिवा पेटलेला होता. जरा मंद, जरा पिवळा, पण स्वच्छ पेटलेला.

काकांनी पुन्हा मीटरकडे पाहिलं. बाण होता. मग त्यांनी वर पाहिलं. आपल्या भिंतीवरून निघून खांबाखांबाने गेलेली तार, समोरच्या घराकडे फुटलेली, आणि पुढे अंधारात, मधल्या खांबापर्यंत. पिवळ्या रेनकोटाने एक हात लांब केला होता.

त्यांना ओरडायचं होतं. आत धावायचं होतं. पण चौतीस वर्षं आकडे वाचलेल्या त्या माणसाला त्या घटकेला एकच गोष्ट करता आली: तो बाणाकडे बघत उभा राहिला.

आतून आवाज आला, "पाडला हो!"

समोरचा दिवा विझला.

काकांच्या हातातली छत्री केव्हा उलटी झाली त्यांना कळलं नाही. ते फाटकाचा गज धरून उभे राहिले. खांबावरचा हात तारेवर टेकला. काही झालं नाही. हात तार ओढत राहिला, जोडत राहिला. पाऊस पडत राहिला.

आत गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, चुकून मेन पाडला. सहाचा काटा दिसला आणि हात गेलाच. तुम्ही नको म्हणाला होतात, विसरलेच. चालेल ना?" आणि मग त्यांचा चेहरा बघून, "काय झालं? बसा बघू आधी."

काका बसले. वायर त्यांनी काढली नाही. तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. काकांनी बोटाने खुणावलं तसं काकूंनीच इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि मेणबत्ती लावली.

सात वाजून गेल्यावर गल्लीत वीज आली. पाठोपाठ जावई आला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता. मेन पाडलेलाच होता, म्हणून घर मात्र अजून मेणबत्तीवर.

"हे काय, सगळ्या गल्लीला वीज दिली आणि सासुरवाडीतच अंधार? कुणीतरी माझ्यावर रागावलंय!" तो हसत म्हणाला. निळा शर्ट चढवून खुर्चीत बसला, कप दोन्ही हातांत धरला.

"आज गंमतच झाली, बाबा. फ्यूज मी स्वतःच्या हाताने काढलेला. खांबावर चढलो, नेहमीसारखा टेस्टर लावला, तर पेटला! म्हटलं, अरे, तुटलेल्या तारेत करंट? पुन्हा लावला. पुन्हा पेटला. म्हटलं, पावसात ओल धरली असणार. शर्टाला पुसला आणि तिसऱ्यांदा लावला. विझला! बघा, ओलच होती." त्याने चहाचा घोट घेतला. "मी खालच्याला ओरडून सांगितलं, अरे हे टेस्टर काही कामाचे नाहीत, पावसात खोटं बोलतात. यापुढे पावसात पेटला तरी मी त्याचं ऐकणार नाही."

काकू हातात झारा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सगळं नाही, पण बरंचसं त्यांना त्याच क्षणी कळलं. मेन पाडला होता तो हात त्यांनी पदराला पुसला.

काका गप्प राहिले असते तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. जावई चहा पिऊन घरी गेला असता. आणि पुढच्या पावसात कुठल्या तरी खांबावर टेस्टर पेटला असता, आणि त्याने म्हटलं असतं, खोटं बोलतोय.

"टेस्टर खोटं बोलला नाही," काका म्हणाले.

"अं?"

काका उठले. सॉकेटमधून दुतोंडी काढली, इन्व्हर्टरमधून काढली आणि टेबलावर जावयाच्या कपाशेजारी ठेवली. "तुमचा टेस्टर चांगला आहे. फेकू नका."

जावयाने वायर उचलली. एक टोक पाहिलं. मग हळूहळू, हाताखालून सरकवत, दुसऱ्या टोकापर्यंत आला. तिथेही प्लग. मेणबत्तीचं मेण ताटलीत पडत होतं. मग त्याने कप उचलून दूर सारला, जणू त्यात काही पडलं होतं.

"मेन कुणी पाडला?"

"मी," काकू म्हणाल्या. "चुकून. सहा वाजले म्हणून."

"सहा वाजले म्हणून," जावई म्हणाला.

त्याने अंगातला निळा शर्ट काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि आपला ओला शर्ट पुन्हा चढवला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"बाबा, मला हे कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"कळवा."

"आणि अशा किती केल्यात?"

काकांनी एकेक घर बोटांवर मोजलं.

"अकरा," ते म्हणाले. "ही धरून बारा."

जावई दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला. "अकरा," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढे कित्येक रात्री काका तेच डोळे बघत जागे राहिले. "सगळ्या माझ्याच विभागात?"

कंपनीने काकांचं कनेक्शन दोन महिने तोडलं. त्यांनी तक्रार केली नाही. मुलीने पंधरा दिवस आईचा फोन घेतला, बापाचा नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काकांनी जुनी पिशवी काढली, खिशात दोन पेनं घातली आणि फेरीला निघाले. याही वेळी दार ठोठावायचं होतं, जिन्याखाली वाकायचं होतं; फरक इतकाच की आकडा वाचायचा नव्हता, दिलेलं परत मागायचं होतं. हे मागणं फार अवघड गेलं. शिलाईवाल्या बाईंनी रडून वायर दिली. एका निवृत्त बँकवाल्याने हुज्जत घातली. "अहो, तुम्हीच दिली, आता तुम्हीच नेता? माझं बिल कोण भरेल?" काका त्याच्या जिन्यात बसून राहिले, दोन तास. संध्याकाळ व्हायला लागली तसं त्यालाच कसंतरी झालं आणि त्याने वायर आणून त्यांच्या मांडीवर टाकली. प्रत्येक वायर काका तिथेच, त्या माणसासमोर, मधोमध कापत.

तीन आठवड्यांत दहा झाल्या.

अकरावी कंपाउंडरला दिलेली. कंपाउंडर डोकं खाजवत म्हणाला, "काका, ती मी मेव्हण्याला दिली." मेव्हणा म्हणाला, बॅटरीसकट विकली, फोनवर जाहिरात टाकून, एक माणूस रिक्षात घालून घेऊन गेला. कोण, कुठला? नंबर पुसला गेलेला. "पण कागद दिलाय हो त्याला," मेव्हणा म्हणाला, "तुमच्या अक्षरातला. नियम सगळे लिहिलेत ना त्यावर."

काकांनी मान हलवली. सगळे नियम होते, सहा वाजताचे.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. काकांच्या घरात ती महागडी पेटी बसली आहे. फ्रिजवरचा दरांचा कागद निघाला आहे. काकू सकाळी वाटेल तेव्हा गरम पाण्याने आंघोळ करतात. समोरच्या घरी भाडेकरू आले, व्हरांड्यातला दिवा आता वेळेवर विझतो. जावईही पुन्हा येऊ लागला, आधी फाटकापर्यंत, मग ओसरीपर्यंत, आणि नातू झाल्यावर आतपर्यंत. वरवर सगळं जागेवर आहे.

पण वीज गेली की काका घरात थांबत नाहीत. पायात चपला अडकवतात, टॉर्च घेतात आणि अंधाऱ्या रस्त्यांनी हिंडतात. जिथे दिवा दिसेल तिथे दार ठोठावतात. "माफ करा. तुमचा मेन खाली आहे ना?" काही लोक दाखवतात. काही जण दार लावून घेतात. मुलं त्यांना बघून आपसात खुणा करतात.

आणि निघण्याआधी एक फोन येतो. वारा सुटलेला असतो, पलीकडे शिडी लागल्याचा आवाज ऐकू येतो. जावई नमस्कार-चमत्कार काही करत नाही. एवढंच विचारतो.

"बाबा, किती?"

काका टॉर्च छातीशी धरून उभे असतात. काकू मागे दारात.

"दहाच," काका म्हणतात.

"बरं," जावई म्हणतो, आणि फोन ठेवतो.

मग काका चालू लागतात. परवाच्या वाऱ्यात ते पार पुलापर्यंत गेले होते. अलीकडे सगळा काळोख. आणि पुलाच्या पलीकडे, लांब, कुठल्या तरी घराची एक खिडकी, जरा मंद, जरा पिवळी. काकांनी टॉर्च पुढे धरला आणि पाय उचलला. तिथवर पोचायला त्यांच्या चालीने वीस मिनिटं लागतात.